बडोद्यात भिंतीचित्रे आणि मराठी वळणाची वस्ती एकाच फेरीत कुठे पाहता येईल?

अशा फेरीसाठी रावपुरा आणि दांडिया बाजारचा परिसर निवडावा, कारण भिंती रंगवण्याची हौस या शहरात स्प्रेच्या डब्यांपेक्षा बरीच जुनी आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा मराठी बांधणीचा वाडा बाहेरून साधाच वाटतो. आतल्या भिंतींवर मात्र कृष्णलीला आणि पुराणकथांच्या शेजारी इंग्रज-मराठा लढाईचे प्रसंगही रंगवलेले आहेत आणि माझ्या मते देव व पलटणी यांचा हा बिनदिक्कत शेजार हीच वाड्याची खरी गंमत आहे. वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तेथून गायकवाड घराण्याचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरात जावे, जेथे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या वर्षांत गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, रवींद्रनाथ ठाकूरांचे नाटक ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातील युद्ध हे विषय चार भिंतींवर चितारले. सयाजीराव विद्यापीठाचे ललित कला महाविद्यालय १९५० पासून चित्रकार घडवत असल्यामुळे शहरात रंगवलेल्या भिंतींचे अप्रूप कमी आणि चिकित्सा जास्त होते. भूक लागल्यास शेवउसळ खावी. ती आता पक्की बडोद्याची झाली असली, तरी उसळ मुळात आपलीच आहे.