मुलांना गव्हाणीची गोष्ट सांगताना

अगं पहिल्यांदाच सांगणारेस ना, मग सन-बिन नंतर, आधी मूठभर वाळलेलं गवत त्यांच्या हातात दे, वास घेऊ दे, जरा टोचू दे, आणि मग सांग की १२२३ साली इटलीत ग्रेचो गावाजवळ संत फ्रान्सिसनी नाताळच्या रात्री अशीच गवताची गव्हाणी मांडली, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव आणलं, लोक मशाली घेऊन बघायला आले. का? तर बाळ येशू किती साध्या जागी जन्मला ते डोळ्यांनी दिसावं म्हणून. इथे माझ्याकडची मुलं एकदम गप्प होतात, तेव्हा घाई करू नकोस. बायबलातल्या जन्मकथेत बैल-गाढवाचा उल्लेख नाहीये, कोणी विचारलं तर खरं तेच सांग. आणि गाढवाचा आवाज त्यांनाच काढू दे.