बांध कोरला म्हणून लगेच दावा लावावा का?

तुमची हकीकत थोडक्यात अशी: पूर्वेच्या लगतधारकाने अक्षय्य तृतीयेच्या सुमारास नांगरट करताना सामाईक बांध कोरला, तुमच्या अंदाजाने दोन गुंठे जमीन आपल्याकडे ओढली, आणि आता गणपती तोंडावर आले असताना त्या पट्ट्यात त्याचे सोयाबीन उभे आहे. पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून 'बाब दिवाणी आहे' असे सांगितले, तर तुमच्या वकिलांनी कायम मनाईचा दावा लावण्याचे सुचवले. दावा लावावा की नाही, असे तुम्ही विचारले आहे. मी वकील नाही; परंतु आमच्या घरातला बांधाचाच दावा मी वडिलांच्या बरोबरीने चालवला आहे, आणि त्यावरून सांगतो की 'कोणता दावा' हे आधी ठरले नाही तर 'लावावा की नाही' याला काही अर्थ उरत नाही.

आमच्या वडिलांनी नुसत्या मनाईचा दावा लावला होता. उलटतपासात समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, 'आज त्या पट्ट्यात पीक कोणाचे आहे?' वडील खरे बोलणारे, म्हणाले, 'त्याचेच.' मनाई हुकूम हा असलेला ताबा राखण्यासाठी असतो, गेलेला ताबा त्याने परत येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले. नव्याने दावा लावण्याची मुभा मागून तो दावा काढून घ्यावा लागला. तोवर चार वर्षे गेली होती. तुमच्याही पट्ट्यात आज पीक त्याचे आहे, हे वकिलांना स्पष्ट सांगा आणि वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या लेखी मागणीपत्रात, ताब्याची मागणी आहे ना, ते स्वतः वाचून पाहा. मालकीवरच समोरच्याने गंभीर हरकत घेतली असेल तर मालकी जाहीर करून मागावी लागते, तीही मागणी त्यात हवी.

आता मुदतीचे पाहू, कारण तुमच्या बाबतीत खरी घाई तेथे आहे. कायद्याच्या मार्गाने न जाता कोणी ताबा काढून घेतला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे ताबा परत मागता येतो. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खालचा दिवाणी दावाही सहा महिन्यांचाच, आणि त्यात मालकी कोणाची हा प्रश्नच निघत नाही; तुमचा ताबा होता आणि तो बेकायदा काढला, एवढेच दाखवायचे असते. या दाव्यातील हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, हा त्याचा मोठा गुण (हरलात तर दोषही). सहा महिने उलटले तरी सगळे संपत नाही. मालकीच्या आधारे ताबा मागण्यास बारा वर्षांची मुदत आहे, पण तो रस्ता लांबचा आहे: कागदपत्रे, साक्षी, कोर्ट कमिशनर, मग अपील. अक्षय्य तृतीयेपासून मोजले तर तुमचे सहा महिने ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास संपतात.

येथे एक पेच आहे, जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोजणी आधी करा असा सल्ला सगळेच देतात, मीही देतो. परंतु उभ्या पिकात हद्द कायम मोजणी (हद्द ठरवून खुणा दाखवणारी सरकारी मोजणी) नीट होत नाही, सोयाबीन निघेपर्यंत थांबावे लागते आणि तेवढ्यात मुदत सरते. म्हणून मोजणीचा अर्ज उप अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे आत्ताच द्यावा, पण तिची वाट पाहत तहसीलदारांकडील अर्ज अडवून ठेवू नये. त्या अर्जाला हद्दीपेक्षा पूर्वीच्या ताब्याचा पुरावा महत्त्वाचा. गेल्या खरिपात तुम्ही ई-पीक पाहणी केली असेल, तर त्यात पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह नोंदला गेलेला असतो. फोटो त्या पट्ट्याजवळून काढलेला असेल तर त्याचा उपयोग होऊ शकतो. बांधावरची जुनी झाडे, त्यांचे बुंधे, उकरलेले हद्दीचे दगड यांचे फोटो आजच काढून ठेवा. सातबाऱ्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. त्यावर क्षेत्र लिहिलेले असते, बांध नेमका कोठून जातो हे नसते. आणि फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

मोजणी दुधारी असते, याचीही मनाची तयारी ठेवा. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात येते तेव्हा अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट या वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात, आणि पूर्वेला दोन गुंठे गेलेले दिसत असतानाच पश्चिमेच्या शेजाऱ्याचा एखादा गुंठा आपल्याकडे निघतो. आमच्याकडे हेच झाले. निकाल मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी (झालेल्या मोजणीची फेरतपासणी) मागता येते. दोघांच्या जमिनी परस्परांच्या ताब्यात बारा वर्षांहून अधिक काळ आहेत असे निघाले, तर मात्र भांडणाऐवजी शासनाची सलोखा योजना पाहावी; २०२३ साली ती आली तेव्हा अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये ठेवली होती. ती अजून चालू आहे का, हे तलाठ्यांना विचारा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण गावात तलाठीच म्हणतात).

राहिला प्रश्न, दोन गुंठ्यांसाठी एवढे करावे का. जमीन कोरडवाहू आहे, त्या पट्ट्यात विहीर, वाट असे काही नाही, आणि शेजारी मोजणीनंतर दगड रोवू द्यायला तयार आहे, तर माझे मत 'नको' असे आहे. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचा) अर्ज देऊन लोकअदालतीत तडजोड लेखी करून घ्या. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो आणि त्यावर अपील नाही. आमचा दुसरा दावाही शेवटी तेथेच मिटला आणि भरलेली कोर्ट फी परत मिळाली. परंतु त्या पट्ट्यात तुमची विहीर, पाइपलाइन किंवा शेतात जाण्याची वाट येत असेल, अथवा हा माणूस दर वर्षी नांगराचे एक तास पुढे सरकणारा असेल, तर तडजोडीच्या बैठकांत ऑक्टोबर घालवू नका. तहसीलदारांकडे अर्ज द्या आणि पोच घेऊन तिच्यावर शिक्का व तारीख नीट उमटली आहे का, ते कार्यालयातून निघण्यापूर्वीच पाहा.