शब्दचर्चा: सस्पेन्स, थरार आणि जिवाची टांगणी

विलेपार्ल्याच्या एका वाचनालयात संध्याकाळी काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे 'डार्क', 'सस्पेन्स', 'सायकॉलॉजिकल थ्रिलर' या कादंबऱ्यांना इतकी मागणी आली की वेगळं कपाट करावं लागलं. त्यावर त्यांनी 'मानसशास्त्रीय रहस्यकथा' अशी पट्टी चिकटवली. दुसऱ्याच दिवशी एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली: "ही काय मानसशास्त्राची पुस्तकं आहेत? आणि रहस्य कसलं, खून कोणी केला ते पहिल्याच पानावर सांगून टाकलंय!" तर मराठीत काय म्हणावं?

ताई, काकांची पहिली हरकत मला पूर्ण पटते. आपण 'सामाजिक कादंबरी' म्हणतो, 'समाजशास्त्रीय कादंबरी' म्हणत नाही. 'राजकीय कादंबरी' म्हणतो, 'राज्यशास्त्रीय' म्हणत नाही. मग मनाच्या बाबतीतच मधे शास्त्र कशाला? 'मानसशास्त्रीय चाचणी' ठीक, कारण ती त्या शास्त्राची आहे. कादंबरी मनाची असते. 'मानसिक' म्हणावं तर त्या बिचाऱ्या शब्दाला बोलण्यात आजारपण चिकटलंय, 'मानसिक रहस्यकथा' कुणी हातात धरणार नाही.

दुसऱ्या हरकतीत खरी गंमत आहे. 'रहस्य' आलं 'रहस्'वरून, म्हणजे एकांत. चारचौघांत सांगायचं नाही ते रहस्य. 'गूढ' आलं 'गुह्'वरून, लपवणे. 'गुहा' त्याच घरातली. दोन्ही शब्द वस्तूबद्दल बोलतात: काहीतरी झाकलेलं आहे, ते उघडायचंय. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड हे नायक घरोघर पोचवले, तिथे हा शब्द चपखल बसला. पुढे नारायण धारपांमुळे 'भयकथा' आणि रत्नाकर मतकरींमुळे 'गूढकथा' हे शब्द वाचकांच्या तोंडी रुळले. पण 'सस्पेन्स' ही वस्तू नाही. ती वाचणाऱ्याची अवस्था आहे.

गेल्या महिन्यात अंधेरीहून चर्चगेटच्या स्लो लोकलमध्ये लेडीज डब्यात माझ्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी मोबाइलवर कादंबरी वाचत होती. मैत्रिणीचा फोन आला तशी म्हणाली, "अगं, दादर गेलं की मागे! बायकोने दुधात काय घातलंय ते मला माहितीये, त्यालाच माहीत नाही. तो ग्लास उचलतोय. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय, ठेव फोन." आणि प्रभादेवी आलं तरी ती उठली नाही.

तिने जो शब्द वापरला तोच सस्पेन्स. शब्दशः तोच. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'वर टांगणे' या अर्थाचं क्रियापद आहे. कचेरीत कुणाला सस्पेंड केलं की आपण 'निलंबित' म्हणतो, त्यातला 'लंब्' म्हणजेही लोंबणे, लटकणे. 'प्रलंबित' खटलाही त्याच धातूला लटकलेला. म्हणजे सरकारी मराठीने ही प्रतिमा कधीच उचलली, आणि घरगुती मराठीत तर ती 'टांगणी' म्हणून आहेच. पुस्तकांच्या पाठपृष्ठावर लिहिणाऱ्यांना ती का दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ते 'उत्कंठावर्धक' लिहितात. उत्कंठा म्हणजे मान उंचावणे. संस्कृत नाट्यशास्त्रातली विरहोत्कंठिता नायिका प्रियकराची वाट बघत असते. त्या वाट बघण्यात आस आहे. तो ग्लास ओठांपर्यंत जाऊ नये म्हणून वाट बघणं वेगळं, त्यात धास्ती आहे. 'उत्कंठा शिगेला पोचली' हा प्रयोग मात्र मला फार आवडतो. माप काठोकाठ भरून वर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो ती शीग. त्यावर आणखी एक दाणा ठेवला तर घरंगळणार. तरी ती भरलेली उत्कंठा आहे, टांगलेला जीव नाही.

'थरार'चं काय? हा शब्द थरथरण्याच्या कुळातला, नादावरून आलेला. त्याच्या भावंडांत मराठीने बारीक फरक केलेत. थंडीनेही माणूस थरथरतो. 'थरकाप' फक्त भीतीने उडतो. 'थरार'मध्ये मजा मिसळलेली असते, आणि बहुधा ती बघणाऱ्याची. गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईतला मराठी पेपर उघडा, 'थरांचा थरार' कुठे ना कुठे सापडेलच. गिरगावात लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून तो पाहिलाय. खालचे थर हलायला लागले, सगळ्यांत वरचा पोरगा दोन्ही हात सोडून उभा राहिला, गर्दी ओरडत होती. तो थरार. पण शेजारी एक बाई पदर तोंडाशी धरून, अजिबात न ओरडता, वर बघत होत्या. त्यांचा मुलगा चौथ्या थरात होता हे आम्हाला नंतर कळलं. त्यांच्यासाठी हंडीबरोबर जीवही दोरीला टांगलेला होता. पोरं सुखरूप खाली आली तेव्हा त्या मटकन खाली बसल्या आणि बाबा आईला म्हणाले, "आत्ता पडला जीव भांड्यात."

म्हणून पळापळ, पाठलाग, गोळीबार असलेल्या कादंबरीला 'थरारकथा' म्हणा, मजेत म्हणा. तुमच्या त्या कपाटातल्या बहुतेक पुस्तकांत मात्र कुणी पळतच नाही. दोन माणसं बंद फ्लॅटमध्ये जेवत असतात आणि सांगणारा खरं बोलतोय की नाही याची वाचणाऱ्याला खात्री नसते.

'डार्क'बद्दल थोडक्यात. 'गडद' रंगाला लागतो. 'काळी' म्हटलं की जादू आठवते. 'अंधारी' डोळ्यांपुढे येते. आपल्या मुंबई-कोकणाकडचा 'काळोख' घ्या, 'काळोखी कादंबरी' कानाला बरी लागते. पण वाचक 'डार्क'च म्हणत असतील तर मी अडवणार नाही.

राहिली पट्टी. टांगणी ही वाचकाची अवस्था, ती कपाटाला चिकटवता येणार नाही. पुस्तकाची ओळख करून देताना जरूर वापरा. कपाटासाठी मी 'मनोरहस्य' सुचवते. काकांना सांगा की रहस्य आहे, फक्त जागा बदललीय. खून कोणी केला हे पहिल्या पानावर कळलं तरी त्याच्या मनात काय शिजत होतं ते शेवटपर्यंत झाकलेलं असतं. 'मनोथरार' मी टाळला, कारण 'मनः'चा 'मनो' होतो तो मृदू व्यंजनापुढे: मनोरथ, मनोविकार. 'थ' कठोर, तिथे 'मनस्ताप'सारखा 'स्' यावा लागतो. 'मनोकामना' सर्रास चालते हे खरं, पण नवा शब्द घडवताना तरी नीट घडवावा. 'मनोरहस्य'ला ती अडचण नाही.

आणि पट्टी लिहिताना 'मनोरहस्य' हा एकच शब्द, मधे जागा सोडू नका.