काचेवर न हलणारा ठिपका

प्रश्न : मी छोटं विमान चालवायला शिकतो आहे, सोलो (पहिलं एकट्याने उड्डाण) जवळ आला आहे. आमच्या विमानतळाला टॉवर नाही, म्हणजे विमानांना सूचना देणारं कोणी नाही. सगळे एकाच फ्रीक्वेन्सीवर आपापली जागा सांगतात, शिवाय स्क्रीनवर आसपासची विमानं दिसतात. तरी सर सारखे ओरडतात, ‘डोळे बाहेर!’ एवढ्या मोठ्या आकाशात दोन विमानं आपटतातच कशी? आणि बाहेर नेमकं बघायचं काय?
– एक शिकाऊ वैमानिक

उत्तर : आकाश मोठं आहे हो, पण धावपट्टी एकच आणि उतरायचं सगळ्यांना तिथेच. म्हणून अशा टकरी बहुतेक भर दिवसा, स्वच्छ हवेत आणि विमानतळाच्या जवळच होतात. समोरासमोर येऊन क्वचित. जास्त करून मागचं वेगवान विमान पुढच्या संथ विमानाला गाठतं, तेही फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात. त्यात पंख वर असलेल्या विमानातून वरचं दिसत नाही, खाली असलेल्यातून खालचं. खाली पंखांचं विमान वर आणि वर पंखांचं खाली आलं, तर दोघेही एकमेकांना न दिसता एकत्र खाली येत राहतात.

आता काय बघायचं ते. काचेवर सरकत जाणारं विमान तुमच्या पुढून किंवा मागून निघून जाईल. जे एकाच जागी चिकटल्यासारखं दिसतं आणि नुसतं मोठं होत जातं, ते तुमच्याकडे येतंय. गंमत अशी की आपली नजर हलत्या गोष्टीवर पटकन जाते, आणि धोक्याचं विमान नेमकं हलत नाही. नजर एकसारखी फिरवत राहिलात तरी काही दिसणार नाही. दहा-दहा अंशांचा तुकडा घ्या, तिथे सेकंदभर थांबा, मग पुढे. आणि मान हलवा, कारण दरवाज्याच्या खांबामागे अख्खं विमान लपतं.

हे वेळेत का जमायला हवं, त्याचा हिशेब करा. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान वळणं, याला साधारण १२.५ सेकंद लागतात असं धरतात. दोन विमानं प्रत्येकी १०० नॉटने (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) समोरासमोर आली, तर तेवढ्या वेळात त्यांच्यातलं जवळजवळ १.३ किलोमीटर अंतर संपतं. तेवढ्या अंतरावरून १० मीटर पंखांचं विमान पौर्णिमेच्या चंद्राहूनही थोडं लहान दिसतं.

रेडिओ हवाच, पण तो कुठे बघायचं ते सांगतो, बघत नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियात वॉटसनविलला, टॉवर नसलेल्याच विमानतळावर, एक छोटं सेसना १५२ सर्किट मारत होतं, म्हणजे धावपट्टीभोवती ठरलेल्या चौकोनी मार्गाने फिरत होतं. दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ फायनलवर आलं, सुमारे १८० नॉटने. दोघेही फ्रीक्वेन्सीवर बोलत होते. मागचा फार वेगाने येतोय हे लक्षात येऊन १५२ च्या वैमानिकाने गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर चढणं) सांगितलंही. तरी टक्कर झाली, तिघे गेले. म्हणून कोणी ‘सरळ फायनल’ म्हणालं की डाउनविंडवरच (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जाताना) त्याला शोधा. तो सापडेपर्यंत बेसला (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्याला) वळू नका, डाउनविंड लांबवा. त्याला वेग आणि अंतर विचारायला लाजू नका. (‘आसपास कोणी असल्यास कळवा’ असं हवेत सोडून देणाऱ्यांचा मला फार राग येतो. स्वतःची जागा, उंची, पुढचा बेत सांगा आणि बटण सोडा. दुसऱ्यालाही बोलायचं असतं.)

स्क्रीन सर्किटच्या बाहेर असताना बघून घ्या. प्रत्येक विमानात आपली जागा कळवणारं यंत्र असतंच असं नाही, आणि दिसणारी जागा थोडी शिळी असू शकते. सर्किटमध्ये ती खुणावायला लागली की मान खाली जाते. लँडिंग लाइट मात्र दिवसासुद्धा लावा.

प्रश्न : फायनलवर दोघे एकदम आले तर हक्क कुणाचा?
– एक वाचक

उत्तर : खालच्याचा. पण मुद्दाम खाली जाऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायला नियमाने मनाई आहे. मी विद्यार्थ्यांना हक्क मोजायलाच लावत नाही, गो-अराउंड करायला लावते. तो करताना धावपट्टीच्या उजवीकडे थोडं सरकून चढा. तुम्ही डाव्या सीटवर असता, त्यामुळे उतरणारं विमान तुमच्याच खिडकीतून दिसत राहतं.