पहिला कूलर बनवताना

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसाठी स्वतः कूलर बनवतोयस हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

बूड, म्हणजे प्रोसेसरला टेकणारा भाग, अगदी सपाट घास. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायचं, मग स्टीलची पट्टी उभी धरून उजेड कुठून येतो ते पाहायचं. नवशिके चकाकीमागे लागतात. हवी ती सपाटी. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि बुडाच्या मध्ये लावायची, उष्णता पुढे नेणारी) बारीक खळगे भरण्यापुरतीच, थर द्यायला नाही.

- सगळा तांब्याचा नको. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, मदरबोर्ड वाकतो. बूड तांब्याचं, फिन्स (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) ॲल्युमिनियमच्या.
- फिन्स फार दाट नकोत, धूळ अडकते.

चाचणी आपल्या इंदूरच्या मे महिन्यातल्या दुपारीच घे, एसी बंद ठेवून. खोलीत ४० अंश असले तर हवेवरचा कूलर त्याखाली उतरूच शकत नाही. माझा पहिला जानेवारीत पास झाला, मेमध्ये नापास! हीट पाइपचं (उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळीचं) दुसऱ्या कूलरच्या वेळी बोलू.