संपृक्त मेदाम्लांमुळे यकृताच्या पेशींतल्या वाहक प्रथिनांवर काय परिणाम होतो?

थंडीत तुपाची बरणी बघा. तूप घट्ट थिजतं, शेजारचं शेंगदाणा तेल पातळच राहतं. तेल-तूप मेदाम्लांच्या लांब साखळ्यांनी बनतं. त्यांतल्या संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. तुपातलं संपृक्त पामिटिक आम्ल ६३ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, शेंगदाणा तेलातलं असंपृक्त ओलेइक आम्ल साधारण १३ अंशांना, कारण त्याच्या साखळीला मध्येच एक वाक असतो.

पेशीतली पटलं, म्हणजे पातळ पडदेही मेदाचेच. त्यात पामिटिक आम्ल फार घुसलं की पटल ताठर होतं आणि त्यात रुतलेल्या, पदार्थ पटलापलीकडे नेणाऱ्या वाहक प्रथिनांना आकार बदलणं जड जातं. आकार बदलल्याशिवाय वाहतूकच होत नाही!

सर्वांत चांगलं उदाहरण एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्याच्या पटलातल्या सर्का या कॅल्शियम पंपाचं. एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्चून तो दोन कॅल्शियम आयन जाळ्याच्या आत खेचतो. पामिटिक आम्लाच्या माऱ्यात हा पंप मंदावतो आणि आतला कॅल्शियमचा साठा आटतो. मग नवी प्रथिनं नीट घडी पडून तयार होत नाहीत, पेशीवर ताण येतो, कधी ती मरतेही. फॅटी लिव्हरमधल्या बिघाडाचा हा एक महत्त्वाचा धागा आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: सोबत ओलेइक आम्ल दिलं तर पेशी बऱ्याच अंशी वाचते. पामिटिक आम्ल तेव्हा पटलात न जाता ट्रायग्लिसराइड या साठवणीच्या मेदाच्या थेंबांत साठवलं जातं.

मात्र हे बरेचसे प्रयोग काचपात्रातल्या पेशींवरचे आहेत. त्यावरून रोजच्या चमचाभर तुपाचा हिशेब मांडू नका.