मुळं मित्र जिवाणूंचा निरोप का मोडतात?

तुम्ही विचारलंय, शेंगवर्गीय झाडांना रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र झाडाला मिळवून देणारा जिवाणू) हवा असतो, तर त्याने पाठवलेला रासायनिक संदेश मुळं स्वतःच का मोडून टाकतात? हा प्रश्न 1998 साली एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत माझ्यासमोर उलट्या बाजूने आला होता. म्हणून लिहायला बसले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, 'नॉड फॅक्टरचं काम झाल्यावर त्याचं पुढं काय होतं?' नॉड फॅक्टर म्हणजे रायझोबियमचा तो रासायनिक निरोपच. मी म्हटलं, 'मुळंच त्याचे तुकडे करतात, सर.' ते हसले. 'बाळ, जेवायला बोलावलेल्या पाहुण्याचं ताट कोण ओढून घेतं का? कायटिन कापणारी विकरं बुरशीसाठी असतात.' कायटिन म्हणजे बुरशीच्या पेशीभिंतीतला पदार्थ, आणि विकरं म्हणजे एन्झाइम. शेजारी बसलेले आमचे सरही हसले. माझ्या पिशवीत 1995 च्या शोधनिबंधाची झेरॉक्स होती, लसूणघासावरची. आधी नॉड फॅक्टर दिलेली मुळं तो जास्त झपाट्याने मोडतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी पिशवीला हातसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी कागलकडची एसटी धरून घरी आले. उसाच्या कडेला म्हशींसाठी लसूणघासाची पट्टी होती. तिथला एक ठोंब मी कुदळीने खणून काढला आणि माती धुऊन बसले. बारीक बोटांसारख्या लांबट गाठी, नखाने फोडल्या की आत गुलाबी. आबांनी विचारलं, काय झालं गं? सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, 'छापलेला कागद हुता न्हवं? मग दावला का न्हाईस?' परीक्षकांच्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

त्या परीक्षकांचं अर्धं बरोबर होतं, हे मान्य करते. नॉड फॅक्टरचा कणा कायटिनच्याच साखरमण्यांचा असतो, बहुधा चार-पाच मणी, आणि टोकाला मेदाम्लाची शेपटी. त्यामुळे बुरशीविरुद्धची काही विकरं त्यालाही कापतात. लसूणघासाचा जिवाणू आपल्या निरोपावर सल्फेट लावतो, त्याने काही विकरांपासून तो वाचतो. पण 2013 मध्ये लसूणघासाच्या भावकीतल्या मेडिकॅगो ट्रंकॅट्युलामध्ये खास नॉड फॅक्टर कापणारं विकर सापडलं. ते बुरशीच्या कायटिनला हातही लावत नाही. बुरशीसाठी असतात म्हणे!

आता तुमचं 'का'. हा निरोप अतिशय सूक्ष्म मात्रेत काम करतो. मूलरोम, म्हणजे मुळावरचा केसासारखा तंतू, वाकडा होऊन जिवाणूंना कवेत घेतो, आणि त्या बंद कप्प्यात जिवाणू वाढत वाढत निरोप सोडतच राहतात. तो साचत गेला तर बिघडतं. 2018 मध्ये हे विकर नसलेली झाडं तपासली, तेव्हा जिवाणूंचा आत शिरकाव उशिरा झाला आणि ते कप्पे फुगून बसले. आत न्यायची धाग्यासारखी नळी वेळेवर निघालीच नाही. त्याच वर्षी लोटस जॅपोनिकस या दुसऱ्या शेंगवर्गीय झाडामध्येही असंच एक विकर पुढं आलं. ते नसेल तर गाठी लहान, पांढऱ्या, आत जिवाणू नसलेल्या राहतात. थोडक्यात, निरोप मोडणं हा पाहुणचाराचाच भाग आहे. मात्रा झाडाच्या हातात राहिली तरच दार नीट उघडतं.

हे सगळं लसूणघास आणि या दोन झाडांवरचं आहे, सरसकट प्रत्येक शेंगवर्गीय पिकाला लावू नका. आपल्याकडच्या भुईमुगात तर जिवाणू मूलरोमातून शिरतच नाहीत, बाजूची मुळं फुटतात तिथल्या फटींतून जातात. आणि प्रश्न शेतीसाठी विचारला असेल तर या विकरांचा विचार सोडा. सोयाबीनला पेरणीआधी गुळाच्या पाण्यातून जिवाणू संवर्धक चोळा, बी सावलीत सुकवा, बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. नंतर युरियाचा मारा केलात तर गाठी कमी धरतात.

अभ्यासासाठी विचारला असेल तर 1995, 2013 आणि 2018 ही तिन्ही वर्षं वहीत लिहून ठेवा. परीक्षेला निबंधाची प्रत बरोबर न्या, आणि कुणी हसलं तर ती काढून टेबलावर ठेवा. परीक्षक कितीही मोठे असोत.